दोन मिनिटं दहा सेकंद

तस्नीमनं स्टेजसमोरच्या फरशीवर पिवळ्या चिकटपट्टीची फुली मारली आणि मला तिच्यावर उभं केलं.

"मल्लूदादा, ट्रायपॉड इथं. कॅमेरा अब्बांच्या हातावर. पन्नास मिनिटं हलवायचा नाही."

मी विचारलं, मग मी काय करायचं?

"काहीच करायचं नाही," ती म्हणाली. "तेवढंच काम आहे."

हे ऐकून मला आतून बरंच लागलं. कारण त्या वर्षी मी नुकताच दिग्दर्शक झालो होतो. सतरा वर्षं मिरजेत लग्नं, मुंजी, बारशी, डोहाळजेवणं यांचं शूटिंग करून माझं बरं चाललेलं होतं, आणि तसंच चालू राहिलं असतं. पण कोल्हापूरला चार दिवसांचं एक शिबिर झालं. सिनेमा कसा बघावा हे तिथं शिकवत. तिथून मी दाढी आणि दोन खादीचे झब्बे घेऊन परतलो आणि नवी कार्डं छापली. 'मल्लिकार्जुन लिगाडे, दिग्दर्शक.' खाली बारीक अक्षरात 'लग्न, मुंज, बारसे, डोहाळजेवण'. माझी बायको पद्मा कार्ड हातात धरून म्हणाली की दिग्दर्शक म्हणजे दिशा दाखवणारा ना, मग आधी गॅस सिलिंडरवाल्याला आपलं घर दाखवा, तो दर वेळी गल्ली चुकतो.

अशा माणसाला काही करू नको म्हणणं म्हणजे त्याच्या कलेचा अपमानच. तरी मी मान डोलावली, कारण तस्नीमला मी आदल्या दिवशी शब्द दिला होता.

तस्नीम म्हणजे दस्तगीरचाचा शिकलगारांची धाकटी मुलगी. चाचा पन्नास वर्षं तंबोरे आणि सतारी घडवत आले होते. पण लांबलांबून लोक त्यांच्याकडे यायचे ते मुख्यतः जवारीसाठी. तंबोऱ्याच्या तारा भोपळ्यावरच्या हाडाच्या घोडीवरून जातात. त्या घोडीचा माथा कानशीनं घासत घासत असा करायचा की तार त्याला नुसती टेकते न टेकते आणि गुंजायला लागते. त्याला जवारी म्हणतात. ती नसेल तर तार नुसती टण्ण करते. ती उघडली की चार तारांतून चाळीस ऐकू येतात. घास एक जास्त झाला तरी बिघडतं. कुठं थांबायचं ते कानाला कळतं आणि हाताला कळतं. ज्याच्या हाताला कळतं तो सांगू शकत नाही.

तस्नीम पुण्याला ध्वनिमुद्रण शिकून परत आली होती आणि तिनं एक प्रयोग बसवला होता. नाव 'कानस आणि तार'. स्टेजवर एक मुका तंबोरा. चाचा त्याची जवारी लावणार. तंबोऱ्याला चिकटवलेल्या माइकमधून घासाचा, तारेचा आवाज तिच्या कॉम्प्युटरमधून सभागृहभर जाणार, आणि माझ्या कॅमेऱ्यातला चाचांचा हात मागच्या वीस फुटी पडद्यावर दिसणार. सुरुवातीला तो हात काळापांढरा. तार जसजशी बोलायला लागेल तसतसे कॉम्प्युटर त्यात रंग भरणार, आणि जवारी उघडली की पडद्यावर पूर्ण रंगीत हात. मी तिला विचारलं होतं की गायक केव्हा येतो. ती म्हणाली, कुणीच येत नाही.

हे सगळं कशासाठी, ते तिनं आदल्या दिवशी दुकानात सांगितलं. चाचांचे कान चालले होते. आधी वरचे बारीक आवाज गेले होते, पुढचेही जाणार असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिचा भाऊ सांगलीत विमा विकत होता, त्याला कानस आणि करवत यातला फरक माहीत नव्हता. तस्नीम तीन वर्षं बापाच्या मागं लागली होती, मला शिकवा. चाचा म्हणायचे, बारा तास मांडी घालून बसायचं काम आहे, आमच्या घरात पोरींनी केलेलं नाही. शेवटी वैतागून त्यांनी तोडगा काढला. फिल्म काढून ठेव माझ्या हाताची, आणि बघून शीक. पण एकदाच काढू देणार.

"कानस कुठं थांबते, तेवढं मला पाहिजे," तस्नीम म्हणाली होती. "बाकीचं सगळं खराब आलं तरी चालेल, दादा. शेवटचे घास तेवढे मिळू देत."

मी छातीवर हात ठेवला. अशा वेळी मी छातीवर हात ठेवतो. आठवडाभर आधी एका वरमाईसमोरही ठेवला होता.

रविवारी सकाळी अकराला कॉलेजच्या सभागृहात शंभरेक लोक जमले. अर्धे तंतुवाद्यवाले, अर्धे काय असतं बघू म्हणून आलेले. मी फुलीवर उभा. चाचा पांढरा सदरा घालून तंबोरा मांडीवर घेऊन बसले. त्यांनी तार छेडली. टण्ण. पडद्यावर त्यांची बोटं, प्रत्येकी माणसाएवढी, करड्या रंगाची. मग त्यांनी तारा सैल करून बाजूला सारल्या, कानस उचलली, आणि सभागृहात खस् खस् असा आवाज भरला. घासून झालं की फुंकर. फुंकरीचासुद्धा आवाज. मग तारा जागेवर, पुन्हा छेडायच्या. पुन्हा टण्ण, पण आधीच्यापेक्षा जरा ओलं. पडद्यावर बोटांच्या नखांत गुलाबी रंग आल्यासारखं वाटलं.

पहिली दहा मिनिटं मी भारावलो. पुढची दहा मी माझ्या भारावण्यानं भारावलो. त्यानंतर मला चाळा सुचायला लागला. शिबिरात सांगितलं होतं की कॅमेऱ्यानं श्वास घेतला पाहिजे. माझा कॅमेरा तर फुलीवर गाडलेला. मागच्या रांगेतला एकजण शेजाऱ्याला कुजबुजत विचारत होता की हे तंबोरा दुरुस्त झाल्यावर कार्यक्रम सुरू करणार का. मी त्याच्याकडे तुच्छतेनं बघितलं, कारण नेमकं तेच माझ्याही मनात आलं होतं. पण कॅमेरा मी हलवला नाही. चाळीस मिनिटं हलवला नाही, हे माझ्या बाजूनं लिहून ठेवायला हरकत नाही. एवढंच आहे माझ्या बाजूनं.

बेचाळिसाव्या मिनिटाला दार वाजलं.

इथं मला माझे गुरू बंडोपंत फोटोवाले यांच्याबद्दल सांगायला हवं. त्यांनी मला दोनच गोष्टी शिकवल्या. पहिली, दार वाजलं की मान फिरली पाहिजे, कारण लग्नात महत्त्वाचा माणूस नेहमी उशिरा येतो, आणि त्याचं येणं सुटलं तर वधूपिता आयुष्यभर विसरत नाही. दुसरी, काही सुटलंच तर लाजायचं नाही, सरळ म्हणायचं, परत एकदा घ्या, इकडे बघून. या दोन वाक्यांवर मी माझा संसार उभा केला. हार परत घालायला लावले, सप्तपदीची पाच पावलं परत चालायला लावली. माझ्या स्वतःच्या लग्नात अक्षता पडल्या पडल्या मीच पद्माला म्हणालो होतो, परत एकदा घाल हार, इकडे बघून. ती अजून काढते हा विषय.

तर दार वाजलं आणि माझी मान फिरली. मानेबरोबर हात फिरला आणि हाताबरोबर कॅमेरा. मी ठरवून काही केलं नाही. दारात कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष हणमंतराव खोत उभे होते, अबोली रंगाचा फेटा, मागं दोन माणसं. मी त्यांना पायापासून वर घेतलं. ते चालू लागले, मीही त्यांच्याबरोबर फिरत गेलो, इतकं मऊ की शिबिरातल्या सरांनी पाठ थोपटली असती. मागच्या वीस फुटी पडद्यावर चाचांच्या हाताच्या जागी करडे हणमंतराव चालत होते. लोक माना वळवून कधी खरे अध्यक्ष तर कधी पडद्यावरचे बघत होते. खस् खस् आवाज चालूच होता.

स्टेजच्या कडेला कॉम्प्युटरपाशी बसलेली तस्नीम मला दोन्ही हातांनी खुणा करत होती. मला वाटलं, ती म्हणते आहे, झकास. मी अंगठा दाखवला.

हणमंतराव पहिल्या रांगेशी पोचले आणि लोकांकडे वळले. त्याच क्षणी चाचांनी तारा छेडल्या. मला संगीतातलं काही कळत नाही, पण तो आवाज मला कळला. फरशीतून तळपायात आला. सभागृह एखाद्या पोळ्यासारखं गुंजायला लागलं, कुणीतरी "वा" म्हणालं, आणि पडद्यावर हणमंतराव खोत रंगले. आधी फेटा, मग गाल, मग कपाळावरचं गंध, मग दातांची सोनेरी कड. टाळ्यांचा कडकडाट झाला. हणमंतरावांना त्या आपल्यासाठी वाटल्या. त्यांनी हात जोडले, चौफेर फिरवले आणि सावकाश बसले. मी त्यांच्यावरून हळूच मागं सरत दृश्य संपवलं. त्या क्षणी मी फार खूश होतो हे कबूल केलं पाहिजे.

मग मला फुली दिसली.

कॅमेरा परत वळवला तेव्हा चाचांनी कानस खाली ठेवली होती आणि ते गुंजणं नेमकं बसवायला तारेखालचा दोरा सरकवत होते. टाळ्या थांबल्या होत्या. अख्खं सभागृह त्या गुंजण्यात बुडून गप्प बसलं होतं. आणि त्या शांततेत माझ्या तोंडून बंडोपंतांची दुसरी शिकवण बाहेर पडली.

"चाचा, परत एकदा घ्या की. इकडे बघून."

शंभर लोक हसले. अध्यक्षही हसले. चाचांना ऐकू आलं नाही, ते तस्नीमकडे बघायला लागले. तिनं उठून त्यांच्या कानाशी काहीतरी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हातानंच सांगितलं की झालं, उघडली, आता काय घेतोस.

लोक गेल्यावर मी वायरी गुंडाळत होतो. तशी वायर एकच होती, पण मी ती चार वेळा गुंडाळली. तस्नीम कॅमेरा घेऊन स्टेजच्या पायरीवर बसली होती आणि छोट्या पडद्यावर तो भाग बघत होती. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"किती वेळ आहे हा?" तिनं विचारलं.

"दोन मिनिटं दहा सेकंद."

"बरोबर तेवढंच," ती म्हणाली. मग कॅमेरा मांडीवर ठेवून तिनं ओढणी तोंडाला लावली. ती रडत होती आणि तिला रडवणारा माणूस झब्बा घालून समोर उभा होता. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती. आवाजाची नोंद पूर्ण होती. प्रत्येक घास त्यात होता. फक्त हात नव्हता.

घरी येऊन मी पद्माला सगळं सांगितलं. तिनं विचारलं, अध्यक्ष तरी नीट आले का? मी हो म्हणालो.

तीन दिवस मी दुकानाच्या गल्लीतून गेलो नाही. बुधवारी दुपारी पाव किलो पेढे आणि कॅमेरा घेऊन गेलो. ठरवून गेलो होतो की चाचांचे पाय धरायचे आणि परत एकदा काढू द्या म्हणायचं. बंडोपंत काही सुटत नव्हते.

चाचा गालिच्यावर बसले होते, तस्नीम शेजारी. तो तंबोरा कोपऱ्यात टेकवलेला. मी पाय धरले. चाचांनी पेढे घेतले आणि कॅमेऱ्याची पिशवी दाराशी ठेवायला सांगितली. एकदाच म्हणलो होतो, ते म्हणाले. मला वाटलं, विषय संपला. पण चाचांना फिल्म बघायची होती. त्यांनी ती अजून बघितली नव्हती.

तस्नीमनं लॅपटॉप उघडला आणि मोठा स्पीकर जोडला. चाचांनी स्पीकरवर तळवा ठेवला. स्वतःचा हात ते चाळीस मिनिटं बघत होते, पापणी न हलवता. मी देवाची प्रार्थना करत होतो की वीज जावी. गेली नाही. हणमंतराव आले.

"हे कोण?" चाचांनी विचारलं.

"अध्यक्ष, अब्बा."

"हे माझ्या जवारीत काय करायलंय?"

मी गालिच्याची नक्षी मोजत होतो. चाचा हसायला लागले. इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि तस्नीमला पाणी आणावं लागलं. ती परत येऊन बसली तेव्हा त्यांनी फिल्म मागं घ्यायला सांगितली. पडद्यावर पुन्हा हणमंतराव दारातून आत आले.

"आता इथं मी काय करतोय?"

तस्नीमनं डोळे मिटले. अध्यक्ष चालत होते आणि ती बोलत होती.

"कानस उलटी केली. आता बारीक बाजू. घास लहान झाले. चार. पाच. सहा. इथं हात हलका पडला. सात. आठ. आता फुंकर. तारा चढवल्या."

तळवा स्पीकरवर होता तसाच होता. चाचा आता फिल्मकडे बघत नव्हते. मुलीच्या तोंडाकडे बघत होते.

"थांबलो ते बरोबर थांबलो?"

तिनं डोळे उघडले आणि कोपऱ्यातल्या तंबोऱ्याकडे बघितलं.

"सांग की."

"तीन तारा बोलल्या, अब्बा. खरजाची अजून दबून आहे. आणखी दोन घास पाहिजे होते."

पन्नास वर्षांत त्या गल्लीत दस्तगीर शिकलगारांना असं कुणी सांगितलं नसेल. सभागृहातल्या एकाही तंतुवाद्यवाल्याच्या लक्षात आलं नव्हतं. तिच्या कॉम्प्युटरनं तर हणमंतरावांना नखशिखांत रंगवून टाकलं होतं. मला वाटलं, आता चाचा भडकतील, आणि ती भडकण्याची सुरुवात माझ्यापासून होईल.

"मला नाही ऐकू आलं," चाचा म्हणाले. "घासाचा आवाजच येत नव्हता. हाताच्या आठवणीनं थांबलो मी." मग त्यांनी विचारलं, "तुला हे हात न बघता ऐकू आलं?"

"हात कुठं होता बघायला?" तस्नीम म्हणाली. "तीन दिवस नुसता आवाजच लावून बसले होते."

चाचांनी मान हलवली. मग त्यांनी कोपऱ्यातला तंबोरा ओढून घेतला, दोघांच्या मधे आडवा ठेवला, आणि खरजाची जाड तार सैल करून बाजूला सारली. कानस उचलली. ती हातात धरून ते बसून राहिले. काय होणार आहे ते मला कळलं. सतरा वर्षं मी दुसऱ्यांच्या आयुष्यातले मोठे क्षण टिपत आलो होतो, आणि त्यांतला एकही याच्या जवळपास जाणारा नव्हता. कॅमेरा दाराशी होता, पण डोळे तर माझे होते. मी ठरवलं की हे मी बघणार, आणि आयुष्यभर लक्षात ठेवणार.

दार वाजलं.

माझी मान फिरली.

विजेचं मीटर बघणारा माणूस आला होता. मीटर कुठं आहे म्हणून विचारत होता. मी त्याला बोटानं दाखवलं आणि परत वळलो. कानस तस्नीमच्या हातात होती. चाचांनी तळवा भोपळ्यावर ठेवला होता, मघाशी स्पीकरवर होता तसा. ती अजिबात न हलता बसली होती.

"दोन म्हणालीस ना? घे."

तिनं पहिला घास घेतला. तळव्याखाली काय कळलं कोण जाणे, चाचांनी नाक मुरडलं.

"असा नाही. परत एकदा घे," ते म्हणाले. माझ्याकडे एक नजर टाकली. "आणि इकडे बघू नको. ऐक."

त्या संध्याकाळपर्यंत ते तिला परत एकदा, परत एकदा म्हणत होते, आणि मी पेढ्यांच्या रिकाम्या पुड्याशेजारी बसून होतो. मला जा असं कुणी म्हणालं नाही. नंतर कळलं की मी तिथं आहे हे ते दोघं विसरले होते.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. चाचा चार वर्षांपूर्वी गेले. दुकानावर तस्नीमच्या नावाची पाटी आहे आणि जवारीसाठी तीन-तीन महिने थांबावं लागतं. दिग्दर्शकाची कार्डं पद्मानं वाणसामानाच्या याद्या लिहायला वापरून संपवली. मी लग्नं करतो, म्हणजे लोकांची.

गेल्या महिन्यात तस्नीमच्या दुकानात चहा पीत बसलो होतो. इतकी वर्षं विचारायचं राहिलेलं विचारलं. म्हटलं, त्या दिवशी नेमकं काय झालं? चाचांनी कानस तुझ्या हातात दिली, की ठेवली पुढ्यात, की तूच घेतलीस?

ती घोडीवर फुंकर मारत होती. तिनं वर बघितलं.

"असं काय विचारता, मल्लूदादा?" ती म्हणाली. "तुम्ही समोरच होता की."

मी म्हणालो, होय, होतो.